'व्हॅलिडेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (डिचोलीहून): सॉफ्टवेअरच्या अहवालात 'व्हेरिफिकेशन'ला मी 'पडताळणी' लिहिते, ते सगळ्यांना कळतं. 'व्हॅलिडेशन'ला 'वैधीकरण' लिहिलं की वाचणारे विचारतात, यात कायदा कुठून आला? दुसरा शब्द आहे का?

उत्तर (फोंड्याहून): ताई, वाचणाऱ्यांचं बरोबर आहे. 'वैध' हा 'विधि'पासून आला, म्हणजे नियमाला धरून असलेलं. अर्जात 'वैध मोबाईल क्रमांक लिहा' म्हणतो, तिथे तो चपखल बसतो. पण सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतले तज्ज्ञ बॅरी बोएम यांनी फरक सांगितला तो असा: व्हेरिफिकेशन म्हणजे वस्तू नीट बनवतोय ना, आणि व्हॅलिडेशन म्हणजे हवी ती वस्तूच बनवतोय ना. या दुसऱ्या प्रश्नाला 'वैध' पुरत नाही.

काजूच्या हंगामात एका सोसायटीला आम्ही बिया खरेदीची प्रणाली बसवून दिली. मागणीपत्रकात होतं, एका वजनाला एका खातेदाराची एक पावती. तसंच केलं, सगळ्या चाचण्या पार पडल्या. पहिल्याच सकाळी एक बाई रिक्षातून तीन घरांच्या बिया घेऊन आली. पोती एकदमच काट्यावर चढली. वजन तिघांत वाटायची सोयच पडद्यावर नव्हती. रांग रस्त्यापर्यंत गेली. कारकुनाने खणातली जुनी वही काढली आणि म्हणाला, "हें आमच्या कामाक येना."

पडताळणीत काही चुकलं नव्हतं. त्या काट्याजवळ एक सकाळ आधी बसायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून मी 'खातरजमा' सुचवतो. त्यात मन निःशंक होणं आहे, आणि इथे ते वापरणाऱ्याचं व्हायला हवं.

प्रश्नकर्ती: पण 'कागदपत्रांची खातरजमा' असंही म्हणतात, मग पडताळणीशी घोळ होईल. कारकुनाचं वाक्य धरून 'कामी येणे' घेतलं तर?

फोंड्याहून: 'कामी येणे' मला फार आवडतं, पण 'लढाईत कामी आले' म्हणजे मारले गेले! 'उपयोग-खातरजमा' लिहा. थोडा लांब आहे, पण कशाची खातरजमा ते शब्दातच येतं.

प्रश्नकर्ती: चालेल. सोमवारच्या अहवालात हाच घालते, आणि पुढच्या कंसात कुणाला विचारलं, कुठे बसून पाहिलं, तेही लिहिते.