सावलीतल्या बागेत बेटाने वाढणारे छोटे पाम, कोणते लावू?

केतकी_कोथरूड
सोसायटीच्या मागे भिंतीलगत एक पट्टी आहे, वर जुना आंबा, ऊन म्हणाल तर सकाळी तासभर येतं तेवढंच. तिथे जंगलात झाडांखाली असतं तसं दाट हिरवं करायचंय, उंच एकखोडी पाम नकोत, बेट करणारे हवेत. नर्सरीवाले सगळे अरेकाच घ्या म्हणतात. पाणी बोअरचं आहे.

पोयटा
अरेका नको ताई. मादागास्करचा तो, बेट करतो पण जमिनीत वीस फुटांच्या वर जातो आणि गडद सावलीत विरळ होतो. रॅपिस लावा डोळे झाकून. मूळ दक्षिण चीनचा, पंजासारखी पानं, खोडावर तपकिरी तंतूंची जाळी. वाढ फार सावकाश म्हणून महाग मिळतो. घेताना बुडाशी माती जरा सारून बघा, नवे कोंब वर येताना दिसले पाहिजेत. एखादी काठी उंच झालीच तर बुडातून कापायची, बेटाला काही होत नाही.

हडपसरकर
रॅपिसला +१. पार्लर पाम बेट म्हणून घेऊ नका, तो एकखोडीच असतो, कुंडीत बरीच रोपं एकत्र लावून विकतात. कॅट पाम मात्र खरा बेटाचा, मेक्सिकोत ओढ्याकाठी वाढतो त्यामुळे पाण्याचा ताण अजिबात सोसत नाही. आणि खरं सांगू का, पुण्यात सावलीचा प्रश्नच नाहीये, एप्रिल-मेची कोरडी हवा मारते. तेव्हा लाल कोळी ही बारीक कीड येते, पानावर फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळं दिसलं की पाइपने पानाच्या खालच्या बाजूने जोरात पाणी मारा, दोन-चार दिवसांनी परत. आंब्याची पडलेली पानं जाळू नका, तीच बुडाशी जाड पसरा.

केतकी_कोथरूड
आणि बोअरच्या पाण्याचं?

पोयटा
क्षार साठून पानांची टोकं करपतात, लोक खत कमी पडलं समजून अजून घालतात आणि अजून करपतात. उन्हाळ्यात जमेल तेव्हा कॉर्पोरेशनचं पाणी द्या. काळी माती असेल तर पोयटा, शेणखत, जाड वाळू मिसळून वाफा वीतभर उंच करा, नाहीतर पावसाळ्यात मुळं सडतील.

रानवाट
आपल्या पश्चिम घाटातलाही एक आहे, पिनांगा डिकसोनी, केरळ-कर्नाटकच्या सदाहरित जंगलात झाडांखाली बेटं करतो, फार देखणा. दमट हवा लागते त्याला, म्हणून आधी रॅपिस-कॅट पामचा आडोसा होऊ दे मग आत लावा. फक्त रोप बियांपासून केलेलंच घ्या, जंगलातून उपटलेलं कुणी देत असेल तर प्लीज घेऊ नका.

केतकी_कोथरूड
मग जूनमध्ये रॅपिस आणि कॅट पाम, वाफा आत्ताच करून ठेवते. पिनांगाची बियांपासूनची रोपं पुण्यात कुणाकडे असतील तर इथेच सांगा.