स्लॅबचं घर, पश्चिमेची खोली आणि पावसाळ्यातली बुरशी: एसीशिवाय काय करता येईल?

वाडीवरचं_घर:
वेंगुर्ल्यात समुद्राजवळ चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर आहे. वर 600 चौरस फुटांचा उघडा स्लॅब, झोपायची खोली पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीपर्यंत स्लॅबची झळ येते आणि पावसाळ्यात कपाटामागची भिंत काळी पडते. आतून प्लास्टिक पेंट आहे. पीओपीचं छत आणि एसी करा असं सगळे सांगतात. वीज कमी लागेल असं काही करायचं तर सुरुवात कुठून करू?

चिरेबंदी:
छपरापासून. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य तुमच्याकडे भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतींपेक्षा स्लॅब जास्त तापतो आणि दिवसभर मुरलेली उष्णता रात्री खोलीत सोडतो. ती वरच अडवायला हवी. पीओपीने स्लॅब तापायचा थांबत नाही. उलट दमट हवेत पीओपी ओल धरतं, आणि वर गळती सुरू झाली तरी डाग पडेपर्यंत पत्ता लागत नाही.

पक्का उपाय म्हणजे स्लॅबवर पत्र्याची शेड, बाजू मोकळ्या ठेवून. साधा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा खाऱ्या वाऱ्यात गंजतो; ॲल्युमिनियम किंवा रंगीत गॅल्व्हल्यूम (ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा) घ्या. खांबांचे पाय खालच्या बीम-कॉलमवरच येऊ द्या. वारा पत्रा खालून उचलतो, म्हणून कडेच्या आणि कोपऱ्यांच्या ओळीत स्क्रू जवळजवळ हवेत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात कितीतरी छपरं उडाली, ते विसरू नका. नगरपरिषदेत आधी विचारून घ्या.

सध्या तेवढा खर्च नको असेल तर मार्चमध्ये स्लॅबवर चुना मारा. कळीचा चुना पत्र्याच्या पिंपात आदल्या रात्री विरवा. चुना थोडा थोडा पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच. सकाळी फडक्यातून गाळा, दुधाइतपत पातळ करा, थोडा फेव्हिकॉल घाला. स्लॅबवरचं शेवाळ घासून, तडे भरून, पृष्ठभाग ओलसर असताना ऊन उतरल्यावर दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात मारला तर पापुद्रे सुटतात. पावसात बराचसा धुऊन जातो, म्हणून दर वर्षी करावं लागतं.

खाडीकाठ:
पश्चिमेच्या खिडकीचं ऊन तिरपं येतं, छज्जा ते अडवू शकत नाही. बांबूची चिक लावा, पण काचेच्या बाहेर. आतल्या जाड पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे उष्णता घरात आलीच. सरकत्या खिडक्या अर्ध्याच उघडतात. बदलायच्या असतील तर झडपांच्या करा आणि समोरच्या भिंतीत वर झरोका ठेवा.

कूलर आणि वाळ्याचे पडदे देशावर ठीक. आपली हवा आधीच ओली, तिथे पाणी उडतच नाही. फक्त दमटपणा वाढतो.

पंखा बीएलडीसी (बिनब्रशच्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) घ्या. जुना साधारण 75 वॅट घेतो, हा 30 च्या आसपास. रोज 10 तास धरले तर महिन्याला 13-14 युनिट वाचतात. मात्र जुना रेग्युलेटर वायरिंगमधून काढायला सांगा, नाहीतर पंखा अडखळतो किंवा सर्किट जातं.

वाडीवरचं_घर:
धन्यवाद. शेडचं पाहतोच. भिंतीचं काय? प्लास्टिक पेंटवर चुना चालेल?

चिरेबंदी:
नाही, धरणार नाही. चिरा पाणी पितो आणि सोडतो. प्लास्टिक पेंट ते सोडू देत नाही, म्हणून फुगे येतात. आधी ओल कुठून येते ते शोधा: बाहेरचा गिलावा, खिडकीखालची फट, जोत्याला लागलेली माती. मग पेंट प्लास्टरपर्यंत खरवडा. एक फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दिवसभर ठेवा. आत थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे, चुना मारायला थांबा. हे काम जानेवारी-फेब्रुवारीतलं, गणपतीच्या घाईत करू नका.

खाडीकाठ:
आणि कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे, पायांवर उभं. पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात फुगतो, स्क्रू धरत नाही. प्लाय घ्यायचाच तर त्यावर आयएस 710 चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघा आणि कापलेल्या कडाही सील करून घ्या. पाणी तिथूनच शिरतं. बिजागऱ्या पितळी. बाहेरच्या चिकला 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे हूक मागा, 304 वर खाऱ्या वाऱ्याने तांबूस डाग येतात.