द्राक्ष आणि ऑलिव्ह, दोन्ही सेंद्रिय: घरच्या चौघांना झेपेल का?

वेलवेडा: द्राक्षबाग जुनी आहे, उतारावर ऑलिव्ह नंतर लावलेत. आता सगळंच सेंद्रिय करायचं घाटतंय. वाईन आणि तेल दोन्ही घरचंच. धास्ती आहे ती द्राक्षाची. ऑलिव्ह काय, आपला आपण वाढतो. बरोबर ना?

उतारावरची: उलटं आहे हो. अशाच घरच्या बागेत मी सात हंगाम काढलेत. द्राक्षाकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. केवडा रोगाला बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण), भुरी रोगाला गंधक, दोन्ही सेंद्रियात चालतं. फक्त मोरचूद मोजून. त्यातलं तांबं मातीत साचत जातं, म्हणून तर युरोपीय महासंघाने ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातलीय. पहिल्याच ओल्या वर्षी हात सैल सोडलात तर पुढे बोंब.

आम्ही फसलो ते ऑलिव्हमध्ये. टाक्यांत वाईन आंबत होती, घरचे सगळे तिकडेच. तोडलेली फळं दोन रात्री पोत्यांत पडून. तिसऱ्या सकाळी पोत्यात हात घातला तर आत ऊब, शेणखताच्या ढिगात लागते तशी. तेल निघालं खरं, पण वास ओल्या गोणपाटाचा. विकायची लाज वाटली, वर्षभर घरातच जिरवलं. तेव्हापासून पोती बंद. जाळीचे क्रेट, पातळ थर, आणि आधी घाण्याची वेळ पक्की, मगच फळाला हात. तोडल्यापासून चोवीस तासांत गाळप व्हायलाच हवं. (सासरे अजून म्हणतात, पोती बरी होती.)

काडीकातर: एक्स्ट्रा व्हर्जिनला, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या ऑलिव्ह तेलाला, आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत लागते, शिवाय वासाचवीत दोष चालत नाही. ते तेल दोन्हीकडून नापास झालं असणार :) बाकी फळमाशी विसरू नका. सापळे, केओलिन या पांढऱ्या मातीचा लेप, आणि थोडी लवकर तोडणी. खाली पडलेली फळं उचलायचा कंटाळा केला की पुढच्या वर्षीची माशी तुम्हीच पोसली.

वेलवेडा: म्हणजे माणसं लागतात ती नेमकी एकाच वेळी?

उतारावरची: द्राक्ष आधी, ऑलिव्ह नंतर, पण वाईनचं काम तोडणीबरोबर संपत नाही ना! चौघांतला एक जण तेवढे दिवस टाक्यांपासून मोकळा ठेवा. आमच्याकडे ती मीच. आणि ऑलिव्ह एक वर्ष लगडतो, एक वर्ष रुसतो. रुसल्या वर्षी मलाही टाक्या धुवायला बोलावतात.