परदेशातली ग्रुप टूर: तुमच्या फजित्या आणि सल्ले टाका इथे

बागेश्री_क
काल माळा आवरताना टूर कंपनीची केशरी टोपी सापडली. २०१४ ची, आईला घेऊन युरोप टूर केली होती तेव्हाची. वरचं नाव धुऊन धुऊन गेलंय. नेमकी आत्या पुढच्या महिन्यात निघालीय, वय ७१, पहिलाच परदेश, "काय काय लक्षात ठेवू गं?" म्हणून रोज फोन. आणि मला मेलीला एकच गोष्ट आठवतेय.

जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टहून कोलोनला जाताना हायवेवरचा थांबा. टॉयलेटच्या दारात नाणी टाकायचं फाटक, ७० सेंट. माझ्याकडे अख्खी वीसची नोट. सुट्ट्यांसाठी चॉकलेट घेतलं, रांग लावली. फाटकातून ५० सेंटचं कुपन निघालं, ते वाया कशाला घालवा (पक्की पुणेकर) म्हणून कॉफीच्या रांगेत. बाहेर आले तर आठ-दहा पांढरे कोच (टूरच्या बस) उभे, आमचा त्यात नाही. टूर मॅनेजरने "सगळे आले ना?" विचारलं होतं आणि सगळ्यांनी एका सुरात "होऽ". आई खिडकीला डोकं टेकून घोरत होती. नंबरांचा कागद आईच्या पर्समध्ये, पर्स कोचमध्ये, माझ्या फोनवर रोमिंग नाही.

एका गुजराती ग्रुपमधल्या बाईंनी "एकला छो, बेन?" विचारलं आणि मी रडायलाच लागले. त्यांच्या मॅनेजरने आमच्या कंपनीच्या मुंबई ऑफिसला फोन लावला, तिथून आमच्या मॅनेजरला. पण ऑटोबानवर (तिथला हायवे) मध्येच वळता येत नाही. पुढच्या एक्झिटवरून फिरून यायला पन्नास मिनिटं.

तर आत्यासाठी लिहून ठेवलंय: कोचच्या नंबरप्लेटचा फोटो, मॅनेजरचा नंबर कागदावर आणि तो कागद अंगावर, सुटी नाणी वेगळी. पुढचं तुम्ही सांगा.

खिडकीवाला
आई उठल्यावर काय म्हणाली ते आधी सांगा 😄

बागेश्री_क
"कॉफी एकटीनेच प्यायलीस?"

सुमन_नाशिक
चालणं!! हे कुणी सांगत नाही. "इथून पाचच मिनिटं" म्हणजे पंधरा धरायची. व्हेनिसला कोच बाहेर ट्रोनकेटोच्या पार्किंगला थांबतो, पुढे बोट, मग पायी, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. मी लेकीने घेतलेले कोरे करकरीत बूट घालून गेले. सेंट मार्कच्या चौकात बूट हातात. आत्यांना म्हणावं जुने, मळलेले, पायाच्या ओळखीचे बूट घाला. गुडघ्याला पट्टा मी अजून लावते

तीन_नंबर_सीट
सीट रोटेशनवर (रोज सीटा बदलून बसायचं) कुणी बोलणार आहे का? आमच्याकडे एक काका रोज सकाळी सहाला खाली जाऊन पहिल्या सीटवर रुमाल टाकायचे. एसटीची सवय. चौथ्या दिवशी बायकांनी रुमालाची घडी घालून डॅशबोर्डवर ठेवली

चाकरमानी
ड्रायव्हरला शिव्या घालणाऱ्यांसाठी. तिकडे साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०. सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदवलं जातं, पकडला तर दंड. आमच्यातली सहा माणसं स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला घड्याळाच्या दुकानातून चाळीस मिनिटं उशिरा आली. रात्री जेवून गावात चक्कर मारायची होती ती गेली, कारण ड्रायव्हरचे तास संपले. तो इटालियन, आमचे लोक त्याच्याशी हिंदीत भांडतायत.

मेतकूट_भात
खाण्याचं लिहा की. सासूबाईंच्या मोठ्या बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या, मुंबईलाच काढायला लावल्या. तेल असतं, आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालात मोडतं म्हणे. त्या ऑफिसरला म्हणाल्या, "आमच्या घरात साठ वर्षं डब्यात आहे, कधी पेटलं नाही." तरी काढलंच. लोणचं हातातल्या बॅगेत होतं, तेही गेलं, १०० मिलीच्या वर.

सुमन_नाशिक
तूप आणि पेढे पण नेऊ नका हो. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आमच्या ग्रुपमध्ये कुणाची बॅग उघडली नाही ते नशीब

मेतकूट_भात
अगं पण सुमनताई, पहिल्या दिवशीच्या मुक्कामाला तुपाशिवाय मेतकूट-भात कसा लागणार

सुमन_नाशिक
भात तरी कुठे मिळणार आहे. बऱ्याच हॉटेलांत साधी किटलीपण नसते. छोटी घेऊन जा, चहाचं भागतं

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राऊयोख स्टेशन, ३४५४ मीटरवर. ट्रेनमधून उतरलो आणि बर्फ दिसल्यावर आमचे साडू धावले. वीस पावलांवर बसले, चेहरा पांढरा. मॅनेजरने पाणी पाजून बाकावर बसवलं, ते तासभर तिथेच. वर गेल्यावर हळू चाला, सकाळी उपाशी जाऊ नका, बीपीवाल्यांनी डॉक्टरांना आधी विचारा. साडूंचे बर्फातले फोटो एकूण दोन. दोन्हीत बसलेले.

पासपोर्टदादा
कोरडं लिहितो, माफी. शेंगेनला (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान ३ महिने चालू पाहिजे आणि १० वर्षांपेक्षा जुना नको. विमा किमान ३०,००० युरोचा. विम्यात बीपी-शुगर लपवू नका. वडिलांना पॅरिसमध्ये रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. आधी विमा कंपनीला फोन केला म्हणून सोपं गेलं, तरी प्रत्येक कागद जपून आणला. तातडीचा नंबर ११२. गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट, पॉवर बँकही हातातच. टूरच्या पैशांवर टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापतात तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता होतो, पावती टाकू नका. आम्ही टाकली होती.

खिडकीवाला
वडील कसे आहेत आता?

पासपोर्टदादा
ठणठणीत. पुढच्या वर्षी जपान म्हणतायत.

अबोली७९
एकटी गेले होते, सिंगल रूमचे पैसे वाचवायला अनोळखी पार्टनर. त्या काकू पहाटे चारला उठून रामरक्षा, मोठ्याने. पाचव्या दिवसापर्यंत मला पाठ झाली. आता दर दिवाळीला त्यांच्याकडून चकल्या येतात

आणि हो, आयफेलखाली मुली कागद घेऊन येतात सही करा म्हणून. सही करेपर्यंत दुसरी पर्समध्ये हात घालते. मी मराठीत खेकसले, पळाल्या

तीन_नंबर_सीट
काय खेकसलात

अबोली७९
इथे लिहिता येणार नाही 😇

चाकरमानी
विषय निघालाच आहे तर, डोंबिवली पूर्वेला कुणी चांगला फिजिओ माहितीये का? आईचा गुडघा. तीपण टूरचं म्हणतेय.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
आहे, मेसेज करतो.

बागेश्री_क
सगळं आत्याला वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "खोबरं नाही, तूप नाही, पेढे नाहीत, मग बॅगेत नेऊ काय?" म्हटलं बूट ने. आता ती केशरी टोपी मागतेय, म्हणते लांबून दिसेन तरी.

मेतकूट_भात
मेतकूट चालतं ना पण?? कोरडं आहे ते