बाग म्हणजे दिवाणखाना नव्हे! (वाळकं झाड, पाचोळा आणि लॉनवाले)

पांगारा:
आमच्या कोथरूडच्या छोट्या बागेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर काल एका सभासदांनी मेसेज टाकला. थोडक्यात असा, की हौशी लोकांनी बागेचं रान करून ठेवलंय, पाचोळा उचलू देत नाहीत, शिरीषाचा वाळका सांगाडा कोणाच्या तरी डोक्यात पडेल, तो तोडा आणि तिथे मस्त लॉन करा. खाली अंगठ्यांची रांग. तिथे एवढं लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

शिरीष वाळलाय हे आम्हालाही दिसतं हो. पण तांबट पक्ष्याला घरटं कोरायला वाळकी, आतून मऊ झालेली फांदीच लागते. ढोलीचं भोक तो फांदीच्या खालच्या अंगाला पाडतो, पाऊस आत जाऊ नये म्हणून. साधारण जानेवारी ते जून त्याची वीण चालते, आणि आत्ता त्या झाडावर जोडी आहे, सकाळी टुक टुक ऐकू येतं ते त्यांचंच. दयाळ, साळुंकी, पिंगळा यांना ढोली हवी असते पण कोरता येत नाही, ते तांबट-सुतारपक्ष्याने सोडलेल्या ढोल्या शोधत फिरतात. शहरात वाळकं झाड दिसलं की आपण करवत काढतो आणि मग पक्षी कमी झाले म्हणून हळहळतो.

आणि पाचोळा म्हणजे कचरा नाही! त्याच्याखाली गांडुळं, वाणी, गोगलगायी असतात, त्यावर सातभाई आणि भारद्वाज जगतात. पूर्वी ठेकेदाराची माणसं सकाळी ढीग करून पेटवून द्यायची, अख्ख्या गल्लीत धूर, तेव्हा कोणाची तक्रार नव्हती. हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला ५,००० रुपये दंड सांगितलाय, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. लॉनला एप्रिल-मे मध्ये पाणी कुठून आणणार तेही सांगा.

सदाशिवसुत:
ताई, तुमचं पक्ष्यांचं प्रेम मान्य, पण माणसांचं काय? माझ्या मेव्हण्याच्या गाडीवर वळवाच्या पावसात फांदी पडली, दोन मिनिटं आधी भाचा त्याच गाडीत बसलेला होता. तुमच्या त्या सांगाड्याखालनंच वॉकिंगचा रस्ता जातो आणि बाजूला घसरगुंडी आहे. उद्या काही झालं तर तांबट येणारे का दवाखान्यात? शिवाय पाचोळ्यात साप असतात, माझी आई त्या भीतीने बागेत यायची बंद झाली. आणि तुमच्यातले एक काका पोरांवर केवढ्याने ओरडतात, बॉल कढीपत्त्यात गेला म्हणून! बाग पोरांची पण आहे ना?

पांगारा:
कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या होत्या, आणि पोरं बॉल काढताना अख्ख्या फांद्या मोडत होती, म्हणून काका ओरडले. त्याच काकांनी नंतर त्याच पोरांना अळ्या दाखवल्या, ते तुमच्यापर्यंत आलं नसेल. साप म्हणाल तर आजवर दिसली ती धामण, बिनविषारी, उंदीर खाते. उंदीर वाढतात ते भेळेच्या कागदांनी आणि सांडलेल्या खाण्याने, पाचोळ्याने नाही.

एरंडवणेकर:
उंदरांचा विषय निघालाच आहे तर आधी तो दाण्यांचा कट्टा बंद करा. रोज सकाळी पोतं उपडं करतात, पारवे आणि उंदीर दोघांची सोय. माझ्या आईला पारव्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचा त्रास झाला, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, ऑक्सिजन मशीन घरी आहे. आयुष्यात सिगारेट न ओढलेली बाई. पक्षीप्रेमी म्हणवणारे यावर एक शब्द बोलत नाहीत म्हणून मला राग येतो.

जुईची_आई:
मी टाकते दाणे. पोतं नाही, मूठभर ज्वारी. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर टाकले, त्या गेल्यावर मी टाकते. मुक्या जिवाला घास द्यायचा नाही असं कोण शिकवतं? सिमेंटची शहरं आपण केली, त्यांनी जायचं कुठे?

एरंडवणेकर:
तुमची मूठ, शेजारच्यांची मूठ, पलीकडच्या दुकानाची परात, सगळं मिळून पोतंच होतं. पारवा घास नाही मिळाला म्हणून मरत नाही, उलट आयतं खाणं मिळालं की वर्षभर अंडी घालतो. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण हायकोर्टाने लोकांची तब्येत महत्त्वाची म्हटलंच ना. सासूबाईंच्या आठवणीसाठी माझ्या आईने का खोकायचं?

जुईची_आई:
माझ्या सासूबाईंवर जायचं काम नाही. तुमच्या आईंना बरं वाटावं ही मनापासून इच्छा आहे, पण तुम्ही ज्या भाषेत बोलताय तशी मी कोणाशी बोलत नाही.

पांगारा:
जुईची आई, मी तुमच्याशी भांडत नाही, पण दाण्यांच्या बाबतीत एरंडवणेकर बरोबर आहेत. दाणे खाणारे पारवेच वाढतात, तांबटाला वड-उंबराची फळं लागतात, ज्वारी नाही. सासूबाईंसाठी काही करायचं तर बागेत उंबर लावा, मी स्वतः खड्डा खणून देते. उन्हाळ्यात पाण्याचं भांडं ठेवा, पण...

सदाशिवसुत:
पाण्याची भांडी म्हणजे डेंग्यू! आमच्या सोसायटीत मागच्या पावसाळ्यात घरोघर तापच ताप होता.

पांगारा:
वाक्य पूर्ण करू द्या. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आम्ही रोज पाणी बदलतो आणि आठवड्यातून एकदा भांडं काथ्याने घासतो, कारण डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि वाळली तरी बरेच महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून उपयोग नसतो.

बुंधा:
सगळे पारव्यांमागे लागलेत. शिरीष मेला कशाने हे कोणीच विचारेना? मी तिथे रोज चालतो. ट्रॅक करताना पेव्हर ब्लॉक बुंध्याला घट्ट चिकटवले, खाली काँक्रीट, मुळांना ना हवा ना पाणी. बुंध्याभोवती एक मीटर मोकळी जागा ठेवा हे दिल्लीच्या प्रकरणात हरित लवादाने २०१३ मध्येच सांगितलंय. पलीकडचा बहावा त्याच वाटेवर आहे, शेंडा वाळायला लागलाय. लॉनवाल्यांनी लॉनऐवजी ते ब्लॉक उचकटायला यावं.

आणि शिरीषाचं म्हणाल तर अख्खा तोडायची गरज नाही. रस्त्यावर आणि घसरगुंडीवर आलेल्या फांद्या उतरवायच्या, खोड आणि ढोलीची फांदी तेवढी ठेवायची. वाळकं असलं तरी १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ग्रुपवर अंगठे दाखवून झाड तोडता येत नाही.

सदाशिवसुत:
फांद्या उतरवणार असाल आणि बुंधा पोकळ नाही हे जाणकाराने तपासून लिहून दिलं तर खोडाला माझा विरोध नाही. लॉनचं म्हणणं मी सोडत नाहीये. आणि घसरगुंडीपाशी पाचोळा नको म्हणजे नको, तिथे लहान मुलं अनवाणी असतात.

पांगारा:
घसरगुंडीपाशी झाडून देऊ, तो पाचोळा कोपऱ्यातल्या जाळीच्या खड्ड्यात टाकू, खत होईल. फांद्यांच्या अर्जावर तुमची सही लागेल, सोमवारी आणते. पण ढोलीतली पिल्लं उडेपर्यंत त्या फांदीला हात लावू देणार नाही, त्यासाठी कोणाशीही भांडेन.

एरंडवणेकर:
आणि दाण्यांचा कट्टा?

जुईची_आई:
उंबराचं रोप कुठे मिळेल ते सांगा. ज्वारीचं मी घरात बोलून ठरवेन, तुमच्या सांगण्यावरून नाही.