शुक्रवारच्या बाजारातलं प्लॅस्टिक आणि आमची टीम

डिचोलीची: कॉलेजात डिझाइन थिंकिंगचा (आधी लोकांची अडचण समजून मग उपाय शोधायची पद्धत) प्रोजेक्ट आहे, टीममध्ये मेकॅनिकल, कॉमर्स, आर्किटेक्चर सगळे, विषय म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं प्लॅस्टिक. दोघं आत्ताच अ‍ॅप बनवूया म्हणून बसलेत, काय करू?

खाजन: अ‍ॅप राहू दे गो, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलच्या (तिथली डिझाइन शिकवणारी संस्था) 5 पायऱ्यांत एम्पथी, म्हणजे लोकांना समजून घेणं, पहिली; प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, चौथा. आधी भाजीवालीजवळ जाऊन बसा, कोकणी फाडफाड बोलणाऱ्याला पुढे करा, बाकीच्यांनी नुसतं लिहून घ्यायचं.

जुना भिडू: आयडिया आधी प्रत्येकाने गप्प बसून चिठ्ठीवर लिहा, नाहीतर मोठा आवाजवाला जिंकतो. आम्ही देखणी कचरापेटी केलेली, झाकण उघडायला दोन्ही हात लागायचे, बाजारात कुणाचे हात मोकळे असतात? पुठ्ठ्याची करून बघितली असती तर तासाभरात कळलं असतं 😅

डिचोलीची: बरं, शुक्रवारी पहिली बस.