मदत हवी आहे: जांभ्याच्या मातीवर सुरुंगशोधक सतत वाजतो

कोकणी_कॉइल:
कंबोडियातल्या सुरुंगसफाईसाठी स्वस्त पल्स इंडक्शन डिटेक्टर (कॉइलमधून विजेचे छोटे झटके सोडून धातूचा प्रतिसाद मोजणारा) बनवतोय. तिथल्या लॅटराइटच्या जागी चाचणीला रत्नागिरीची जांभ्याची माती घेतली आहे. कॉइल २५ सेंमी, पल्स १०० मायक्रोसेकंद, मोजणी पल्स थांबल्यावर १० ते २० मायक्रोसेकंदांत. वाळूत १० मिमीची पोलादी गोळी १२ सेंमीवर सापडते. जांभ्यावर मात्र कॉइल खाली आणली की गोळी नसतानाही वाजतो. थ्रेशोल्ड (सिग्नल ज्याच्या वर गेला की वाजतो ती पातळी) वाढवला तर गोळीच हरवते.

सोल्डरमास्तर:
थ्रेशोल्ड आहे तिथेच ठेवा. जांभ्यातल्या मॅग्हेमाइट या लोहखनिजाच्या अतिसूक्ष्म कणांचं चुंबकत्व पल्स थांबल्यावर रेंगाळतं. त्याचा सिग्नल साधारण १/t ने (t म्हणजे पल्स थांबल्यापासूनचा वेळ) उतरतो, छोट्या धातूचा घातांकी, म्हणजे शेवटी त्याहून झपाट्याने. म्हणून मोजणीची ४० ते ८० मायक्रोसेकंदांची दुसरी खिडकी घ्या. दोन्ही खिडक्यांत शेवट सुरुवातीच्या दुप्पट, त्यामुळे माती दोन्हींत जवळपास सारखी भरते. वजा केली की गेली. तुमची पल्स छोटी असल्याने दुसऱ्या खिडकीला साधारण १.३७ गेन (सिग्नलला गुणायचा आकडा) लागेल. तिथून सुरुवात करा आणि धातू नसलेल्या मातीवर कॉइल ३० सेंमीवरून २ सेंमीपर्यंत खाली-वर करत, आवाज थांबेपर्यंत गेन जुळवा. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा त्रास पल्सची दिशा एकाआड एक उलटवून, लागोपाठची मापं वजा केली की जातो.

मठ्ठ_मल्टिमीटर:
वरचं बरोबर, पण त्यात एक खड्डा आहे. या गेनला ज्या धातूचा कालांक (सिग्नल साधारण ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ) २५ मायक्रोसेकंदांच्या आसपास, तोही मातीबरोबर पुसला जातो! सफाईत हे चालणारच नाही. १५-३० आणि ६०-१२० मायक्रोसेकंद अशी खिडक्यांची दुसरी जोडी समांतर चालवा (गेन सुमारे १.५२); तिचा खड्डा ३५ च्या आसपास पडतो. दोन्हींपैकी एक वाजली तरी इशारा. आणि गोळीवर समाधान मानू नका. कमी धातूच्या सुरुंगात जेमतेम एखादी पिन किंवा स्प्रिंग असते, तेव्हा तेवढ्याच आकाराचे निर्जीव नमुने पुरून बघा.

कोकणी_कॉइल:
गेन १.४१ वर शांत झाला. आता ओल्या गवताला कॉइल टेकली की टिक् होतं.

सोल्डरमास्तर:
ती कॉइल आणि ओल्या गवतामधली धारिता (कपॅसिटन्स). कॉइलवर ग्राफाइटच्या रंगाचा थर द्या, तो सर्किटच्या ग्राउंडला जोडा, पण वर्तुळ पूर्ण करू नका. सेंटीमीटरभर फट ठेवा, नाहीतर थर स्वतःच लघुमंडलित (शॉर्ट झालेला) वेढा बनून सिग्नल खाईल. खऱ्या सुरुंगक्षेत्रात हे यंत्र न्यायचं नाही. त्याआधी सीडब्ल्यूए १४७४७ (सुरुंगसफाईच्या धातुशोधकांच्या चाचणीचा युरोपीय दस्तऐवज) प्रमाणे चाचण्या लागतात.